खळ्यावरचे बूट

घरात टीव्हीवर मॅच लागली की मी उठतो आणि मागच्या वाडीत जाऊन बसतो. नातवंडांना वाटतं, आजोबांना क्रिकेट कळत नाही. कळत नाही कसं? गावाच्या टीमचा विकेटकीपर होतो मी, आणि तोही अनवाणी. कळतं म्हणूनच उठतो. पैसे घेऊन खेळणारा माणूस पॅड बांधून ऐटीत मैदानात उतरताना दिसला की माझ्या दाताखाली अजून करकर होते. खोटं नाही सांगत. तोंडात घास असला तर तो थुंकून टाकावासा वाटतो.

त्या किळसेचं मूळ आमच्या खळ्यात आहे. इंग्रज जाऊन दोनचार वर्षं झाली असतील. वसईच्या होळी भागाच्या बाजूला आमचं घर, घरामागे केळी नि पानवेली, आणि वाडी संपली की भातशेत. दिवाळीनंतर भात कापून झालं की शेतं मोकळी व्हायची आणि आसपासच्या गावांच्या टीम दर रविवारी एकमेकांशी खेळायच्या. कुठला कप नव्हता, शील्ड नव्हती. प्रत्येक गावानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं, शिमग्यापर्यंत कोण जास्त जिंकलं ते बघायचं, आणि पुढच्या वर्षी सगळं विसरून पुन्हा सुरू करायचं. आमची टीम कधी वर आली नाही नि कधी तळाला गेली नाही. त्याचं कुणाला काही वाटायचंही नाही.

पिच म्हणजे आमचं खळं. तीनचार घरांचं भात एकत्र झोडायचं म्हणून ते लांबरुंद होतं. दरवर्षी आई आणि ताई चिखल तुडवून ते करायच्या, चोपण्यानं चोपून चोपून टणक करायच्या आणि वरून शेणानं सारवायच्या. वाळलं की असं गुळगुळीत व्हायचं, की सांडलेला दाणा नि दाणा हातानं गोळा करता यावा. झोडणी झाली, भात कणगीत गेलं, की मग ते आम्हां पोरांचं. चेंडू त्यावर असा उसळायचा की बाहेरच्या टीम आमच्याकडे खेळायला टपलेल्या असायच्या. फक्त एक नियम होता. खळ्यावर पायताण घालून चढायचं नाही. लक्ष्मी पडते तिथे. बॅट्समन असो, बोलर असो, पंच असो, सगळ्यांच्या वहाणा बांधावर. बाबा त्या बाबतीत फार कडक होते. लहानपणी मी एकदा चपला घालून खळ्यावरून धावलो, तर त्यांनी मला त्याच चपलेनं बडवला होता.

त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, माघात मुहूर्त होता, आणि मुलाकडचे सोपाऱ्याकडचे, चांगले बागायतदार. आईच्या डोक्यात दुसरा विषयच नव्हता. आमच्यात लग्नाचा तांदूळ घरच्या शेतातला लागतो. विकतचा भात व्याह्यांच्या पानात वाढला तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्यामुळे त्या वर्षी खळं करताना आईनं चार चोपणी जास्तच मारली. "माझ्या लेकीच्या लग्नाचा तांदूळ पडायचाय ह्यावर," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ताई ऐकून लाजायची आणि आणखी जोरात चोपायची.

भात कापून झालं होतं, भाऱ्यांची उडवी रचलेली होती. झोडणीला खाडीकडची माणसं सोमवारपासून येणार होती. अशात शुक्रवारी ताईचे होणारे सासरे आमच्याकडे आले. पेढ्यांचा पुडा हातात, गळ्यात जरीचं उपरणं. ते त्यांच्या गावच्या टीमचे सर्वेसर्वा होते. झोपाळ्यावर बसून चहा पिता पिता म्हणाले, "व्याही, ह्या रविवारी आपली मॅच तुमच्या खळ्यावर घेऊ या."

बाबा म्हणाले, "पण अजून झोडणी व्हायचीय."

"तीच तर गंमत! खळं कोरं करकरीत आहे. मुंबईहून एक पट्टीचा गडी आणतोय, पगारी. पैसे मोजून आणतोय म्हणा ना. तो ह्याच रविवारी मोकळा आहे."

मी दाराशी उभा होतो. मला वाटलं, आता बाबा नाही म्हणतील. ज्या माणसानं पोटच्या पोराला चपलेनं झोडपलं, तो झोडणीआधी खळं देईल? छे! पण बाबांनी उपरण्याकडे बघितलं, पेढ्याच्या पुड्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुमचा शब्द कसा मोडणार? खळं तुमचंच समजा."

आत चुलीशी आईच्या हातातलं भांडं दाणकन आपटल्याचा आवाज आला. व्याही गेल्यावर ती बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "त्यांना बूट काढायला सांगाल ना?" बाबा म्हणाले, "सांगेन की. न सांगायला काय झालं?"

रविवारी तो पगारी गडी टांग्यातून उतरला. उशिरा. आम्ही सगळे उन्हात तिष्ठत उभे, आणि हा आल्या आल्या विचारतो, "खायला काय आहे?" आईनं पोहे केले होते. ते त्यानं बोटानं ढकलले. मग कुणाच्या तरी घरून कोंबडी आणली, ती होईपर्यंत मॅच खोळंबली. तो आमच्या ओटीवर बसून हाडं चोखत होता आणि चोखलेली हाडं वाटीत टाकण्याऐवजी अंगणात तुळशीच्या बाजूला भिरकावत होता. केसांतून तेल कपाळावर ओघळलेलं, अंगाला कालच्या दारूचा वास, दातांत तंबाखू. आणि आमच्या गावची शहाणीसुरती माणसं त्याच्या भोवती कोंडाळं करून उभी! एकानं त्याला वारा घातला. वारा! स्वतःच्या बापाला कधी घातला नसेल.

मग त्यानं पिशवीतून बूट काढले. पांढरे, तळाला लोखंडी खिळे ठोकलेले. एक खिळा ढिला होता, तो त्यानं आमच्या जोत्याच्या दगडावर ठोकून आत बसवला. त्याला ते पायात चढवताना पाहून आमचा फास्ट बोलर, खाडीकडचा भातशेतकरी, माझ्या कानाशी म्हणाला, "बूट घालून खल्यावर? आमच्यात कोनी केलं आसतं तं तंगडी मोडली आसती."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पुढे झाले. हात जोडले होते त्यांनी. "जरा ते बूट... म्हणजे, खळं आहे. आम्ही कुणीच..."

तो गडी म्हणाला, "खळं असेल तुमचं. मी पिचवर खेळायला आलोय."

आणि व्याही मोठ्यानं हसले. "अहो व्याही, खेळ आहे हा! सत्यनारायण नाही!"

सगळे हसले. आणि बाबाही हसले हो! बाबाही हसले! ते हसू मला अजून दिसतं. त्यापेक्षा त्यांनी मला आणखी एकदा चपलेनं मारलं असतं तर चाललं असतं.

तो खळ्यावर चढला. गार्ड घेताना टाचेनं खरवडून खरवडून त्यानं हातभर खड्डा केला. सारवण खपलीसारखं सुटलं. आई ओटीच्या खांबाला धरून उभी होती. ताई तिच्या मागे. मी स्टंपांमागे अनवाणी, त्यामुळे तो जो जो पाय आपटत होता तो तो माझ्या तळव्यांना कळत होता. तिसऱ्या की चौथ्या चेंडूवर चेंडूला त्याच्या बॅटची कड लागली. सगळ्या शेतानं आवाज ऐकला. माझ्या हातात झेल. मी ओरडलो. तो जागचा हलला नाही. तंबाखूची पिंक टाकली, कुठे? खळ्यावर. आणि म्हणाला, "मी एवढ्या लांबून बॅट काखेत मारून परत जायला नाही आलो."

पंच आमच्याच गावचे एक मास्तर. त्यांनी बोट वर करायला हात उचललाही होता. पण आधी त्यांनी बाबांकडे पाहिलं. आणि बाबांनी मान हलवली. नाही म्हणून. मास्तरांनी उचललेला हात डोक्यावर नेला, टोपी सारखी केली आणि उडवीकडे बघत उभे राहिले. नाबाद!

त्यानंतर त्यानं किती धावा केल्या ते मला सांगता येणार नाही. मी मोजतच नव्हतो. मग तो बोलिंगला आला. तेव्हा तर कहर झाला. दर चेंडू टाकताना मागचा पाय फरफटत आणायची त्याची खोड. प्रत्येक चेंडूला खळ्यावर एक लांब ओरखडा. वरचं शेण गेलं, खालचा चिखल गेला, आणि त्याच्याही खालची मुरमाड माती वर यायला लागली. आमचे एकेक गडी बाद होत होते आणि आमचेच लोक टाळ्या पिटत होते. "काय बोलिंग आहे! काय बोलिंग आहे!" अरे, कसली डोंबलाची बोलिंग! तुमच्या घरात जाणारं भात ज्यावर पडायचं त्याची चाळण होतेय, आणि तुम्ही टाळ्या कसल्या पिटता?

आम्ही हरलो. ते चालायचंच. कितीदा तरी हरलो होतो. पण मॅच संपल्यावर आमच्या कॅप्टननं त्या माणसाला झेंडूचा हार घातला. व्याह्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि बाबांना म्हणाले, "काय व्याही, डोळ्यांचं पारणं फिटलं की नाही?" बाबा म्हणाले, "फिटलं."

आईनं त्याच संध्याकाळी पदर खोचला. ताई, मी आणि आमचा तो बोलर, चौघांनी माती कालवून खड्डे भरले, वरून सारवलं. पण खळं असं ठिगळ लावून होत नसतं. ते मुळापासून करायचं नि वाळू द्यायचं. त्याला वेळ नव्हता. आभाळात मळभ आलं होतं आणि उडवी भिजली असती तर उरलंसुरलंही गेलं असतं. सोमवारी माणसं आली, झोडणी सुरू झाली, आणि दुपारपर्यंत ठिगळं पोपडे होऊन निघाली. भात नि माती एक झालं. उफणताना फोलपट उडतं, खडा कुठे उडतो? तो दाण्याबरोबर दाण्याच्याच वजनानं खाली पडतो.

लग्नापर्यंत आमच्या घरात दुसरं काम नव्हतं. भरडायचं, सडायचं, निवडायचं. शेजारच्या बायका यायच्या, सुपं घेऊन बसायच्या. आई तर उठताबसता निवडायची. तिचे डोळे लाल झाले. पण साऱ्या गावजेवणाचा तांदूळ तो! किती निवडणार? मूठभर निवडला की पसाभर समोर असायचाच.

लग्न लागलं. पंगत बसली. केळीची पानं आमच्याच वाडीतली, वरण, भात, तूप, जिलेबी. बाबा व्याह्यांच्या पानाशी वाकून आग्रह करत होते. मी मागे तुपाची वाटी घेऊन उभा होतो. व्याह्यांनी भाताचा घास घेतला आणि कचकन आवाज झाला. त्यांनी तोंडातून काहीतरी काढलं आणि पानाच्या कडेला ठेवलं. एक खडा. दुसरा खडा. आणि त्या दोघांच्या मध्ये तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा जाड, मोडका, लोखंडी खिळा.

मी ओळखला. बाबांनी ओळखला. आणि व्याह्यांनी ओळखला नाही असं मी मरेपर्यंत मानणार नाही. त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं होतं.

मग ते सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्याकडे कोंबड्यांनासुद्धा असा तांदूळ टाकत नाहीत हो."

आता तरी, मी मनात म्हटलं. आता तरी बोला. हा कुणाच्या बुटाचा खिळा, एवढंच विचारा. बाबांनी हात पुढे केला, खडे आणि खिळा मुठीत घेतले, आणि ती मूठ दुसऱ्या हातात धरून नमस्कार केला. "चूक झाली. बायकांनी नीट निवडला नाही. पदरात घ्या."

बायकांनी! जिच्या डोळ्यांची रात्रंदिवस निवडून चाळण झाली होती ती आई चार हात लांब भाताची परात धरून उभी होती. तिनं ते ऐकलं. पुढच्या पानावर भात वाढला, मग त्याच्या पुढच्या.

ताई सासरी गेली आणि पहिल्या आठवड्यापासून तिच्या सासूनं तिला नाव ठेवलं, खडेवाली. "खडेवालीला सांगा पाणी काढायला." "खडेवालीनं शिजवलाय ना, दात सांभाळून खा रे." पाडव्याला ती माहेरी आली तेव्हा निम्मी झाली होती. मला वाडीत रहाटाजवळ बसून सगळं सांगितलं. रडली नाही. मीच संतापून म्हणालो, "तू सांगत का नाहीस? त्यांच्याच माणसाच्या बुटातलं होतं ते!" ती म्हणाली, "सगळ्यांना ठाऊक आहे रे. मामंजींना तर सगळ्यांत आधी ठाऊक आहे. म्हणून तर ते काही बोलत नाहीत, नुसते ऐकत बसतात."

नुसते ऐकत बसतात! त्या बाईच्या जिभेपेक्षा त्या माणसाच्या गप्प बसण्याची मला जास्त किळस आली.

त्यानंतर काही दिवसांनी सोपाऱ्याहून सांगावा आला. ताईनं काय केलं असेल? घरात पाहुणे जेवायला बसले होते. सासू म्हणाली, "आमच्या खडेवालीच्या हातचं आहे, जपून." ताईनं सासऱ्यांच्या ताटात भाताची मूद वाढली, आणि कमरेची पुरचुंडी सोडून त्या मुदीवर तो मोडका खिळा ठेवला. सगळ्यांदेखत म्हणाली, "मामंजी, हा तुमच्या घरचा आहे. इतके दिवस मी सांभाळला. आता तुम्ही सांभाळा."

खिळा तिच्याकडे कसा गेला? बाबांनी पंगतीनंतर तो सदऱ्याच्या खिशात टाकला होता. आईनं काढून घेतला आणि पाठवणीच्या वेळी लेकीची ओटी भरताना नारळाखाली सरकवला. ओटीत आई काय घालते हे कोण बघायला जातं?

सांगावा ऐकून मी हातातली कुदळ टाकली आणि टाळ्या वाजवल्या. खऱ्या टाळ्या. आई चुलीशी होती, तिनं मान वर केली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी बघितलं नव्हतं. सासरच्या त्या घरात पुन्हा कुणी ताईला खडेवाली म्हटलं नाही. सासरे त्या दिवशी खिळा बाजूला ठेवून मुकाट जेवले म्हणे.

आणि आमचे बाबा? ते सांगायलाच मी एवढं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, केळ्यांचा एक भला थोरला लोंगर तोडून खांद्यावर घेतला आणि सोपाऱ्याला गेले. व्याह्यांची माफी मागायला. पोरीला वळण लावण्यात आम्ही कमी पडलो, असं त्यांच्या पायांना हात लावून म्हणून आले. घरी येऊन आम्हाला हे सांगितलंही, मोठं काम उरकल्यासारखं. "निस्तरलं एकदाचं," म्हणाले.

मी उठून जाणार होतो. आईनं डोळ्यांनीच बसवलं.

दुपारची जेवणं व्हायची होती. आईनं कणगीजवळून तांदूळ घेतला. सूप भिंतीला टेकवलेलं होतं, तिथेच राहिलं. तिनं तांदूळ तसाच धुतला आणि तसाच आधणात वैरला. माझ्या पानात तिनं भाकरी वाढली, स्वतःलाही भाकरीच घेतली. बाबांना भात.

बाबांनी पहिला घास घेतला. करकर सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू आली. त्यांनी आईकडे पाहिलं. आई परात घेऊन तशीच उभी होती. ते चावत राहिले, गिळत राहिले, शेवटच्या शितापर्यंत.

"आणखी वाढू?" आईनं विचारलं.

बाबांनी ताट पुढे केलं.